मदत हवी आहे: भरलेल्या रेल्मवरून गिल्ड हलवायची, शेवटी कोणी निघायचं?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक हा ऑनलाइन गेम, युरोपातला भरलेला रेल्म (गेमचा सर्व्हर). गिल्डमधले (खेळाडूंच्या संघातले) सगळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे. तिकडे संध्याकाळचे ७ म्हणजे उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेदहा, नेमकी तेव्हाच लॉगिनला रांग लागते. त्यात खानापूर भागात पावसात लाईट गेली, राउटर बंद पडला आणि लगेच परत शिरता आलं नाही, की पुन्हा रांगेच्या शेपटाला. राउटरसाठी मिनी यूपीएस हा उपाय ठाऊक आहे, तो सुचवू नका. प्रश्न ट्रान्सफरचा, म्हणजे कॅरेक्टर दुसऱ्या रेल्मवर नेण्याचा आहे.

गिल्ड मास्टरचं कॅरेक्टर हलत नाही, आधी पद सोडावं लागतं. गेममधल्या लिलावात माल लावलेला नको, टपालपेटी रिकामी हवी. रद्द केलेल्या लिलावाचा माल टपालातच येतो, म्हणून आधी लिलाव, मग टपाल. उलट केलं तर अर्ज अडकतो. गिल्ड बँक (गिल्डची सामायिक तिजोरी) मागेच राहते. सोबत नेता येणाऱ्या सोन्यावर कॅरेक्टरच्या लेव्हलनुसार मर्यादा असते. इथवर ठीक.

आता सांगा की: मास्टरपद जुन्या रेल्मवरच्या कमी लेव्हलच्या कॅरेक्टरला देऊन बँक रिकामी करत सगळ्यांनी टप्प्याटप्प्याने निघावं, की एकाच रात्री? मर्यादेवरचं सोनं कुठल्या मालात गुंतवलं तर नव्या रेल्मवर पटकन खपतं?

ओशनियात (ऑस्ट्रेलियाकडच्या रेल्मवर) कॅरेक्टर नेता येत नाही, तिथे नवीनच सुरू करावं लागेल. सिडनीचे रात्रीचे ८ म्हणजे आपली दुपार, त्यामुळे आपल्या रात्री रांग नसावी. पण तेव्हा रेडला (गटाने करायच्या मोठ्या मोहिमेला) पुरेसे जण जमतात काय?