प्रतिसाद: विक्का आणि आमची येळवस

'विक्का म्हणजे सैतानपूजा' असं वर एकानं लिहिलंय, ते काही पटलं नाही. विक्का हा ब्रिटनमधून आलेला, चेटूक मानणारा निसर्गपूजक पंथ. सैतान ही ख्रिस्ती कल्पना. विक्कात त्याला जागाच नाही. तिथं देवी, शिंगं असलेला देव आणि ऋतूंप्रमाणे वर्षाचे आठ सण. पंथ तसा ताजाच. ब्रिटनमधला जुना चेटूकविरोधी कायदा १९५१ला रद्द झाला, मग १९५४मध्ये जेराल्ड गार्डनरनं पुस्तक काढून हे उघड मांडलं. अखंड प्राचीन परंपरेचा दावा इतिहासकार मानत नाहीत.

आम्हा लातूरकरांना मात्र यातलं नवल कमीच. येळवशीला (म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला) रानात कडब्याची कोप (खोपटं) करून पाच दगडांचे पांडव पुजतो, शिवारभर आंबील शिंपडत फिरतो (पितो त्याहून जास्त!). विक्कावाल्यांचा यूल हा हिवाळ्यातला सणही साधारण त्याच सुमाराला, डिसेंबरात.