अनुभव धागा: पालवी, फुलं आणि चिमुकले हात

वसंतात झाडं रोज बदलतात आणि दीड-दोन वर्षांच्या पोरांना खाली पडलेलं सगळं उचलायचं असतं. ही जोडी जमवून तुम्ही काय काय केलंत? चित्रं, कागदकाम, पुस्तकं, काहीही लिहा.

जुळ्यांची आई: आम्ही खोडाचे ठसे घेतो. पातळ कागद खोडावर धरायचा, मेणखडूचं वेष्टन काढून तो आडवा घासायचा. टोकाने घासला की कागद फाटतो. भेगा उमटल्यावर एकीने आधी कागद चाचपला, मग खोड, मग परत कागद. दुसरीला फक्त वेष्टनं सोलायची होती. सोलू दिली.

आजोबा: कोवळी पिंपळपानं लालसर का, याचं उत्तर मोठ्यांसाठी: हरितद्रव्य अजून पुरेसं तयार झालेलं नसतं, म्हणून लाल रंगद्रव्य उठून दिसतं. नातवाला एवढंच सांगितलं, "बाळ आहे रे ते, हिरवं व्हायचंय अजून." आता तो प्रत्येक लाल पानाला "बाळ" म्हणतो. जून पानं पाण्यात काही आठवडे भिजवली की गर कुजून नुसती जाळी उरते. वास मात्र येतो, घरच्यांचं ऐकून घ्यायची तयारी ठेवा. जाळी हातात चुरते, म्हणून आम्ही ती दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांमध्ये बंद केली.

पाळणाघरातल्या ताई: नमुना समोर ठेवून "असं झाड काढा" म्हणू नका, मग झाड आपणच काढत बसतो! पळसाची फुलं रात्रभर भिजवली की पिवळा-केशरी रंग सुटतो. कापसाचा बोळा त्यात बुडवून कागदावर थापू द्या. आणि कळकळीने सांगते, गुंजा, कण्हेर, रुईचा चीक यांपासून मुलं लांबच ठेवा. बाकीच्या बियाही तीन वर्षांखाली नकोत, घशात अडकतात.

लेकीचा बाबा: विकतच्या पुस्तकांतलं झाड बारा महिने हिरवंगार. म्हणून एकाच काटेसावरीचे फोटो वरचेवर काढले, पुठ्ठ्यावर चिकटवले, भोकं पाडून दोरीत ओवले. आधी निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलं, पालवी नंतर. पालवीच्या फोटोवर लेक थबकते, "फूल गेलं?" मग मागचा पुठ्ठा उलटते, "आहे!" झोपायच्या वेळी हे किती वेळा चालतं, विचारू नका.

जुळ्यांची आई: बाबा, हे करून बघतेच. पण भिंतीवरचा मेणखडू कशाने निघतो, तेवढं कुणीतरी सांगा.