'वाजवी बळ' की 'यथोचित बलप्रयोग'?

अक्षरा: ऑस्ट्रेलियातल्या कूमा गावच्या खटल्यावरचा लेख मराठीत आणतेय. क्लेअर नाउलँड, वय ९५, स्मृतिभ्रंशाची लक्षणं. मे २०२३ मध्ये वृद्धाश्रमात हातात सुरी घेऊन, वॉकर धरून उभ्या होत्या. पोलिसाने टेझर (विजेचा झटका देणारं शस्त्र) चालवलं, त्या पडल्या, डोक्याला मार लागला आणि आठवडाभरात गेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. पोलिसाने किती बळ वापरावं या कसोटीला मी 'वाजवी बळ' लिहिलंय. संपादक 'यथोचित बलप्रयोग' म्हणताहेत. शिवाय म्हातारपणी शरीर असं होतं त्याला काय म्हणू? 'अशक्त' म्हटलं की नुकताच ताप उतरलाय असं वाटतं.

मुळाक्षर: संपादकांचं बरोबर आहे. वाजवी म्हणजे अरबी 'वाजिब'. भाव वाजवी असतो, मार वाजवी कसा असेल?

वकिलीण: कोर्टाच्या मराठीत 'वाजवी' कधीचा रुळलाय, अरबी असो नाहीतर आणखी कुठला. अक्षराताई, आधी मूळ शब्द 'वाजवी'चा आहे की 'आवश्यक'चा ते बघा. अमेरिकेत ग्रॅहम विरुद्ध कॉनर (१९८९) या निकालाने कसोटी घालून दिली ती अशी: त्या जागी, त्या क्षणी समंजस पोलिसाला काय वाटलं असतं? त्यातला ग्रॅहम मधुमेही होता, साखर उतरलेली. पोलिसांना तो दारू प्यायलेला वाटला. उलट संयुक्त राष्ट्रांच्या १९७९ च्या आचारसंहितेचा अनुच्छेद ३ म्हणतो, अगदी आवश्यक असेल तेव्हाच आणि कर्तव्यापुरतंच बळ. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'यथोचित'मध्ये दोन्ही बुडतात.

सावली: मी वृद्धांची शुश्रूषा करते. आम्ही 'थकलेत' म्हणतो. उठवताना दंड जरा घट्ट धरला तरी काळंनिळं होतं, कातडी कागदासारखी झालेली असते. तोल गेला की हात टेकायलाही वेळ मिळत नाही. आणि 'सुरी खाली ठेवा' हे ऐकूच आलं नसेल किंवा कळलंच नसेल, तर त्याला 'आदेश मोडला' का म्हणायचं? आपण समोर बसतो, गप्पा मारतो, थांबतो. वस्तू बहुतेकदा आपोआप खाली येते.

मुळाक्षर: 'थकलेत' घरात ठीक, लेखात 'जर्जर' घ्या. जरा आणि जर्जर एकाच 'जॄ' धातूचे.

सावली: जर्जर इमारत असते हो. माणसाला तो शब्द लावला की आता वाचवण्यासारखं काही उरलं नाही असं वाटतं.

वकिलीण: वय आणि दुर्बलता एक नव्हे, हेही लक्षात घ्या. आपल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत (२०२३, कलम ३५) तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही, ती दुर्बल 'किंवा' ६० वर्षांवरील व्यक्तीला. तो 'किंवा' महत्त्वाचा. चाळिशीतला माणूसही दुर्बल असू शकतो.

पारावरून: वाजवी-यथोचित राहू द्या, आधी 'सौम्य लाठीमार' हद्दपार करा! लाठी बसली त्याला विचारा सौम्य होती का.

मुळाक्षर: सौम्य हा सोमावरून आलेला, चंद्रासारखा शीतल. लाठीमाराला तो लागूच होत नाही, इथे मी तुमच्या बाजूने आहे.

अक्षरा: पण माझं वाक्य? 'गरजेपुरतं बळ' चालेल का?

पारावरून: 'लाठीमार'मध्ये मारणारा दिसतच नाही. 'पोलिसांनी लाठ्यांनी मारलं' असं सरळ का लिहीत नाहीत?

मुळाक्षर: मग 'गोळीबार' पण काढणार का?