मार्करला काय म्हणावं : लक्षण, चिन्हक की खूण?

प्रश्न, इंदूरहून : मामांचा फ्लो सायटोमेट्रीचा (पेशी तपासण्याच्या चाचणीचा) रिपोर्ट आला. हेअरी सेल ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा एक कर्करोग. खाली ओळीनं सीडी ११सी, सीडी २५, सीडी १०३, पुढे 'पॉझिटिव्ह'. मामांनी पाकीट उलटं करून झटकलं, "सीडी कुठंय? एमआरआयला तर दिली होती." मग, "एकशे तीन म्हणजे फार वाढलंय का गं?" रिपोर्टमधल्या या सर्फेस मार्करना मी 'पेशीवरचं लक्षण' म्हटलं, तर मामी म्हणाल्या, "लक्षण म्हणजे ताप. तो कुठे आलाय?" नेमका शब्द सुचवा.

उत्तर, लॅबमधून : ताई, 'लक्षण' नकोच, ते रोग्याचं असतं. पुस्तकी शब्द 'चिन्हक'. लेखात शोभतो, स्वयंपाकघरात नाही. मी 'खूण' म्हणतो. पेशीच्या आवरणावर ठरावीक प्रथिन आहे का, ते चमकता रंग लावलेल्या प्रतिपिंडांनी बघतात. पेशी एकेक करून लेझरसमोरून जातात.

सीडी म्हणजे क्लस्टर ऑफ डिफरन्सिएशन. यातला क्लस्टर पेशींचा वाटतो, पण आहे प्रतिपिंडांचा. वेगवेगळ्या लॅबांतली प्रतिपिंडं एकाच रेणूला चिकटतात असं दिसलं की त्यांचा एक गट, त्याला एक क्रमांक. १९८२ साली पॅरिसच्या बैठकीपासूनची ही पद्धत. म्हणजे १०३ हा घराचा नंबर समजा. वाढण्या-घटण्याशी संबंध नाही.

ग्वाल्हेरहून : आमच्या घरी सर्रास 'निशान' म्हणतात, हिंदीचा शेजार. पण मराठीत निशाण म्हटलं की ते फडकायलाच लागतं! शंका एवढीच, की 'खूण' म्हटल्यावर एका खुणेवर चोर पकडल्यासारखं नाही का वाटत?

लॅबमधून : बरोबर, तिथंच माणसं फसतात. सीडी १०३ आतड्याच्या अस्तरातल्या निरोगी टी पेशींवरही (टी आणि बी हे पांढऱ्या पेशींचे प्रकार) असतं, सीडी २५ चेतलेल्या टी पेशींवर. एकटी खूण काहीच सांगत नाही. या खुणा बी पेशींवर, ठळक सीडी २०सोबत, एकत्र सापडल्या की मग पटतात. नसलेली खूणही मोजायची : नेहमीच्या सीएलएलमध्ये (बी पेशींच्याच दुसऱ्या रक्तकर्करोगात) सीडी ५ असतं, इथे बहुधा नसतं. मराठीत 'खूण पटणे' हे क्रियापद तयारच आहे. चिन्हक पटत नाही, 'दर्शक' हा मार्करचा आणखी एक पुस्तकी शब्दही पटत नाही.

इंदूरहून : सांगितलं दादा, "खुणा पटल्या" म्हणून. मामींना कळलं. मामा विचारताहेत, आधीच्या एकशे दोन घरांत कोण राहतं?