मदत हवी आहे: जुन्या मारुती ८००चा पार्किंगचा फ्यूज सारखा उडतोय

नमस्कार मंडळी,

गाडी १९९७ची मारुती ८००, कार्बुरेटरवाली. बाबांनी घेतलेली, आता मी चालवतो. आम्ही पुण्यात धायरीला राहतो. आईला आठवड्यातून तीनदा संध्याकाळी फिजिओथेरपीला कर्वे रोडला न्यावं लागतं आणि परतताना अंधार होतो.

पार्किंग लाइट, मागचे लाल दिवे, नंबर प्लेटचा दिवा आणि मीटरचे दिवे एकाच १५ ॲम्पिअरच्या फ्यूजवर आहेत. हा फ्यूज उडतो. रोज नाही, कधी आठवडाभर काहीच होत नाही, कधी एका फेरीत दोनदा. हेडलाइटचा फ्यूज वेगळा असल्याने समोरचा रस्ता दिसत राहतो, त्यामुळे पहिल्यांदा मला कळलंच नाही. सिंहगड रोडवर एक टँकर मागे अगदी चिकटून हॉर्न मारायला लागला, तेव्हा लक्षात आलं की मागून आमची गाडी दिसतच नव्हती. आई मागच्या सीटवर होती. त्या दिवसापासून हे मनातून जात नाही.

दोन इलेक्ट्रिशियनना दाखवली. एकजण म्हणाले, पूर्ण वायरिंग बदला. दुसऱ्यांनी ३० ॲम्पिअरचा फ्यूज घातला, तो मी घरी येताच काढून टाकला. पाच-पाच वॅटचे पाच बल्ब आणि मीटरचे दिवे मिळून तीन ॲम्पिअरसुद्धा होत नाहीत. तरी १५चा उडतो, म्हणजे वायर कुठेतरी बॉडीला लागून शॉर्ट होतेय. मोठा फ्यूज घातला तर फ्यूजच्या आधी वायर तापणार, आणि ती कार्पेटखालून जाते. कृपया कुणीही हा उपाय सुचवू नका.

मी आतापर्यंत काय केलं ते सांगतो. पुढचे, मागचे आणि नंबर प्लेटचे सगळे बल्ब काढले. उडालेल्या फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोडला. शॉर्ट असेल तर हा बल्ब भक्क पेटतो, फ्यूज वाया जात नाहीत आणि वायरही जळत नाही. पार्किंगचा स्विच चालू केला, तर मीटरचे दिवे पेटले आणि माझा बल्ब विझलेलाच राहिला. आधी मी गोंधळलो, मग लक्षात आलं की मीटरचे बल्ब काढलेले नाहीत, त्यांच्यातून थोडा करंट जाणारच. शॉर्ट झाला तर उलटं दिसायला हवं: मीटर काळा, माझा बल्ब लख्ख.

मग तासभर हलवाहलवी केली. डॅशबोर्डखालचा वायरींचा जुडगा, स्विचची वायर, डिकीच्या बिजागरीपाशी जिथे वायर वाकते ती जागा. बल्ब ढिम्म. मल्टिमीटरवरही काही सापडलं नाही. शेवटी मुलाला मागच्या सीटवर बसवून जरा उड्या मारायला सांगितलं, आणि बल्ब चमकला! मागे जाणाऱ्या वायरींचा कनेक्टर सोडवला, की कितीही उड्या मारल्या तरी काही नाही. मग तो परत जोडून सीट उचलून बाहेर काढली, तेव्हाही काही नाही. म्हणजे सीटची लोखंडी फ्रेम वायरवर दाबते, असा माझा अंदाज. आई बसली की उडतो, मी एकटा असताना नाही, हेही त्यात बसतं. पण तिथे वायरच्या जुडग्यावर जुनी काळी टेप चिकट होऊन गोळा झालीय. ती उकलताना चांगल्या वायरींची सालं निघतील अशी भीती वाटतेय. त्यातच पूर्वी कुणीतरी मागच्या स्पीकरसाठी जोड मारलेत.

जाणकारांना विचारायचं आहे:

टेप उकलून नेमकी जखम शोधावी, की मागच्या दिव्यांची ती एकच वायर दोन्ही टोकांना तोडून कनेक्टरपासून डिकीपर्यंत नवी ओढावी? मला दुसरं पटतंय, पण जुन्या जुडग्यात आणखी एखादी वायर सोलली असेल तर ती तशीच राहील. नवी ओढायची तर या लोडला १ चौरस मिमी पुरेल ना? टेप कापडी घेऊ का? नाना पेठेत जाणारच आहे, एकाच फेरीत सगळं आणायचंय.

आणि सीटच्या फ्रेमखाली वायरला आधार कसा द्यायचा? सायकलची ट्यूब चिरून गुंडाळावी असं डोक्यात आहे, पण उन्हात गाडी तापल्यावर ती टिकेल का? कुणी केलं असेल तर नक्की सांगा. तोपर्यंत सीट बाहेर आहे आणि आईला रिक्षाने नेतोय.