मदत हवी आहे: 'पू-द्यु-सिएल'च्या दोन पंखांमधलं अंतर

आँरी मिन्ये या फ्रेंच माणसाने स्वतःच आखलेल्या आणि बांधलेल्या एचएम-14 'पू-द्यु-सिएल' (म्हणजे 'आकाशातली ऊ') या विमानाचं 1:10 मापाचं, हलक्या बाल्सा लाकडाचं मॉडेल करतोय. मूळ विमान सप्टेंबर 1933 मध्ये उडालं. मला तेच, पहिलं रूप हवंय.

अडलंय ते पंखांपाशी. एकामागे एक दोन पंख, एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) नाहीत, पायाचे पेडल नाहीत. वर-खाली जायला अख्खा पुढचा पंखच कलतो. हीच तर या विमानाची खरी गंमत! पण 1935-36 च्या जीवघेण्या अपघातांनंतर इंग्लंड-फ्रान्समध्ये पूर्ण आकाराचं विमान वाऱ्याच्या बोगद्यात तपासलं गेलं. दोष दोन पंखांमधल्या फटीत निघाला: एकदा नाक खाली गेलं की मागच्या पंखाची उचल वाढायची आणि विमान सूर मारतच राहायचं. त्यानंतरच्या विमानांत दुरुस्त्या झाल्या, आणि माझ्याकडच्या दोन आराखड्यांत जुनं-नवं मिसळलंय.

जुन्या फोटोंवर पट्टी ठेवून मोजून पाहिलं. पुढचा पंख दर फोटोत वेगळ्या कोनात, त्यामुळे माप दरवेळी बदलतं.

मॉडेल शोभेचंच आहे, उडवायचं नाही. इंजिन, रंग, चाकं यांची माहिती आहे. फ्रेंच मजकूर, मेट्रिक मापं चालतील.

तर 1933 च्या मूळ विमानात पुढच्या पंखाची मागची कड मागच्या पंखाच्या पुढच्या कडेवर किती यायची, आणि दोन्हींत उभं अंतर किती होतं?