रोज बारा-तेरा तास चाललंय, किती दिवस जमेल?

राजारामपुरीकर:
नमस्कार. कोल्हापुरात आमची आठ जणांची कंपनी आहे. कुठल्या हीटचं (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या लोखंडाच्या खेपेचं) कास्टिंग कुठल्या चलनावर, म्हणजे माल पाठवायच्या कागदावर, गेलं याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही फाउंड्र्यांसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांसाठी, करतो. मी पहिल्या तिघांतला, अडीच वर्षं झाली. सकाळी दहाला जातो, रात्री अकराला सुटतो. रविवारी निम्मा दिवस.

काम मनापासून आवडतं. पुण्याची नोकरी मी माझ्या मर्जीनं सोडली. शिरोलीतल्या एका सुपरवायझरनी आमची स्क्रीन बघून हातातलं रजिस्टर मिटलं, त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते.

पण गेल्या महिन्यात रात्री अडीचला अपडेट चढवलं आणि कोडची एक ओळ चुकली. सकाळच्या सगळ्या चलनांवर आदल्या दिवशीचे हीट नंबर छापून आले. कळलं तेव्हा गाडी कराडच्या पुढं गेलेली, ती परत बोलवावी लागली. साधी ओळ होती, दिवसा लिहिली असती तर चुकलो नसतो. आमचे सर रागावले नाहीत. "आज रात्री बसून सगळं टेस्ट करून टाकू," म्हणाले. ते वाक्य डोक्यातून जात नाही.

वडील उद्यमनगरात लेथवर होते. ते विचारतात, ओव्हरटाइम किती मिळतो? मी सांगतो, शेअर मिळणार आहेत. तसं तोंडी ठरलंय. कंपनी सोडायची नाही, पण तास कमी करायचेत. सरांना कसं सांगू?

भट्टीवाला, गोकुळ शिरगाव:
भावा, फाउंड्रीत चौदाशे अंशाच्या आसपासचं लोखंड ओततात. दमलेल्या माणसाच्या हातात लॅडल, म्हणजे लोखंड ओतायचं भांडं, दिला की कुणाचा तरी पाय भाजतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून शिफ्ट बदलली की मी माणसाला थांबू देत नाही, त्यानं कितीही हौसेनं म्हटलं तरी. 1948 च्या कारखाना कायद्यातसुद्धा दिवसाला नऊ तास, आठवड्याला 48 अशी मर्यादा होती, वर गेलं की दुप्पट दर. तुझे वडील विचारतात ते बरोबर विचारतात. चुकीचा हीट नंबर आमच्याकडं लई महागात पडतो. उद्या गिऱ्हाईकाकडं पीस फुटला तर कुठली हीट शोधायची? आम्हाला तुझं जागरण नको, नंबर बरोबर पाहिजे. सरांना हेच सांग.

पुण्याहून परत आलेली:
मी स्वतः कंपनी चालवली आणि बंद केली. पोरांना रात्री थांबवणारी मीच होते. ती थांबायची, कारण मी थांबायचे. 'घरी जा' असं मी कधी म्हटलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

तुम्ही आठच जण, त्यामुळं दुकाने-आस्थापना कायद्यातली तासांची बंधनं तुम्हाला लागू होत नाहीत. बोलूनच ठरवावं लागेल. पण शेअरचं आधी कागदावर घ्या: किती, कुठल्या भावानं, किती वर्षांत. साधारण चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं देतात, पहिलं वर्ष पुरं झाल्याशिवाय काहीच हातात येत नाही. तुमची अडीच वर्षं धरली जाणार का, हे स्पष्ट लिहून मागा.

आणि तब्येत. तुमचे तास 80 च्या वर जातात. आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा 35 टक्क्यांनी जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2021 च्या अभ्यासात आहे.

राजारामपुरीकर:
दोघांचेही आभार. भट्टीवाल्या दादांचं लॅडलचं उदाहरण सरांना जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. संध्याकाळी पाचनंतर अपडेट चढवायचं नाही, हे ठरलं. रविवार पूर्ण सुट्टी. शेअरच्या पत्राचं सीएंना विचारून सांगतो म्हणालेत, ते मी सोडणार नाही.

काल साडेसातला निघालो. वडिलांना गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला नेलं, अडीच वर्षांत पहिल्यांदा. पत्र मिळालं की इथं लिहितो.